दुरुस्तीला

त्या वेळी प्रार्थनाघरात एकशे एकोणीस माणसं होती. प्रार्थनेला नेहमी येणाऱ्या मंडळींपैकी चौऱ्याण्णव, चित्रपटाची चोवीस, आणि नायक एक. बाकं बावीस, दोन रांगांत. छताला पंखे सहा, सहाही बंद. मागच्या खोलीत फ्रीज एक, तोही बंद, आणि फ्रीजमध्ये लांब्याने ठेवलेली गाडीची किल्ली. ही लांब्याची जुनी युक्ती. आवाज होतो म्हणून चित्रीकरणापुरता फ्रीज बंद केला की निघताना तो चालू करायचा हमखास राहतो आणि दुसऱ्या दिवशी नासलेल्या दुधावरून बोलणी खावी लागतात. गाडीची किल्लीच आत असली की विसरून जाणार कुठे. लांब्या तिचा, म्हणजे आवाज मुद्रित करणारीचा, मदतनीस, तिच्याहून वयाने मोठा आणि दीड वीत उंच. लांब दांड्याला लावलेला मायक्रोफोन तो नटांच्या डोक्यावर धरून उभा राहायचा, आणि ती खाली यंत्रापाशी कानांवर हेडफोन लावून बसायची. सेटवर तिला सगळे आवाजवाली म्हणत. मायक्रोफोन तीन होते. खिडक्या आठ, बंद. आणि आता उरलं होतं ते शेवटचं, कुणालाच न आवडणारं काम. अर्धा मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि तिने त्या जागेची शांतता मुद्रित करून घ्यायची.

प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते हे लोकांना सांगून पटत नाही. ऐकू काहीच येत नाही मग वेगळं काय असणार, असं त्यांना वाटतं. पण संवादांचे तुकडे जोडताना मध्ये जी फट पडते तिच्यात त्याच जागेची शांतता भरावी लागते. दुसऱ्या जागेची भरली तर ठिगळ लावलेल्या कापडासारखी दिसते, म्हणजे ऐकू येते. म्हणून ती कुठेही गेली तरी आधी तिथली शांतता मागून घ्यायची. दिग्दर्शकाला याचा कंटाळा होता. त्याचा चित्रपट एका मालमोटार चालकाचा होता, जो दारूपायी बायको-पोरांना देशोधडीला लावतो, मग एका पहाटे नुसता आडोसा म्हणून प्रार्थनाघरात शिरतो आणि तिथे त्याच्या आत काहीतरी मोडून पडतं. आज झाला तो शेवटचा प्रसंग: चालक सगळ्यांसमोर गुडघ्यांवर येतो, मागच्या बाकावर बसलेली त्याची बायको उठते, मधल्या वाटेने चालत येते आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवते. बायको झालेली नटी पाच वेळा चालत आली होती आणि पाचही वेळा रडली होती. चित्रपट मंडळींच्याच वर्गणीतून निघत होता, त्यामुळे बाकांवर बसायला तीच माणसं बसने आली होती, बाहेरगावाहून, गेले तीन दिवस. त्यांना उभं राहा म्हटलं की ती उभी राहत आणि डोळे मिटा म्हटलं की खरोखरच प्रार्थना करत.

चित्रपटाची ही गोष्ट तिने पहिल्याच दिवशी घरी आईला सांगितली होती. आई भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, सिनेमातल्या बायका फार लवकर माफ करतात, रीळ संपत आलेलं असतं ना. आता रीळ नसतं, सगळं यंत्रात साठतं, असं तिने सांगितलं, तर आई म्हणाली, मग घाई कसली.

तर अर्धा मिनिट सुरू झाला. आधी माणसं स्थिरावण्याचा आवाज, कापडाची सळसळ, एका बाकाचं कुरकुरणं. मग ते सगळं खाली बसलं, जसा पाण्यातला गाळ बसतो, आणि प्रार्थनाघर ऐकू येऊ लागलं. उंच छताखालची, किंचित ओलसर, जड शांतता. तिला ती आवडली. आणि मग तिच्या तळाशी एक बारीक शीळ वाजली. थांबली. पुन्हा वाजली. सुईच्या नेढ्यातून वारा जावा तशी. तिने भुवया आक्रसल्या. तार सैल झाली की असा आवाज येतो. अर्धा मिनिट संपल्यावर तिने तार बदलली आणि ‘पुन्हा एकदा’ असं म्हणाली. एकशे अठरा माणसं पुन्हा स्तब्ध झाली, शीळ पुन्हा वाजली. आता तिने मायक्रोफोन बदलला. हवेतल्या दमटपणाने मायक्रोफोनही कुरबुर करतात, आणि सकाळपासून हवा दमट होती. सकाळी निघताना तिने सगळं तपासलं होतं, नेहमीसारखंच, घरच्या पुढच्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवून. टाळीचा आवाज खोलीत किती वेळ विरतो ते यंत्र मोजून दाखवायचं. त्या खोलीत, ती आणि आई अशा दोघी असताना, तो वेळ शून्य पूर्णांक पन्नास सेकंद यायचा. पन्नास आला की यंत्र ठीक आहे असं समजायचं. आजही पन्नासच आला होता.

तिसऱ्या खेपेला तिने लांब्याला खूण करून दांडा हळूहळू मागच्या बाकांकडे फिरवायला सांगितला. शीळ मोठी झाली. म्हणजे तार नव्हे, यंत्र नव्हे, कुणाचं तरी नाक. लांब्याने वरून तोंड वाकडं करून दाखवलं, सापडला चोर, अशा अर्थाने. तिला हसू येणार होतं, पण तेवढ्यात शिळेच्या शेवटी घशात एक बारीक टक् झालं, आणि आपला श्वास थांबलेला आहे हे तिच्या लक्षात आलं. ओळख नंतर पटली. श्वास आधी थांबला.

पांघरुणाखाली श्वास रोखून पडायची कला तिला फार लहानपणी अवगत झाली होती. दाराची कडी वाजायची, मग ती शीळ खोलीत यायची, आधी आईच्या बाजूला, मग तिच्या. वडील वाकून बघायचे, झोपली का. झोपली असली तर त्यांचं बोलणं आईपुरतं राहायचं. जागी असली तर तिला उठवून बसवायचे आणि गळ्याची शपथ घेऊन सांगायचे की उद्यापासून सगळं बदलणार आहे, आणि त्या शपथा ऐकणं हे भांडण ऐकण्यापेक्षा वाईट असायचं, कारण त्यांना हो म्हणावं लागायचं. झोपलेलं मूल श्वास घेतं, रोखून धरत नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हा तिला कळत नव्हती. बहुधा त्यांनाही कळत नसावी. टक् असा आवाज आला की ते सरळ होत आहेत असं समजायचं. मग श्वास सोडायचा, थोडा थोडा, हप्त्याहप्त्याने.

घरातलं पहिल्यांदा गेलं ते कपाट. शाळेतून आली तर कपाटाच्या जागी भिंतीवर नवा कोरा चौकोन होता. आई म्हणाली, दुरुस्तीला दिलंय. तिने तिथे उभं राहून काहीतरी विचारलं आणि तिचा आवाज तिला वेगळाच वाटला, जरा मोठा, जरा परका, म्हणून तिने टाळी वाजवली. खोलीने उत्तर दिल्यासारखं केलं. त्यानंतर शिवणयंत्र दुरुस्तीला गेलं, टेबल गेलं, रेडिओ गेला, जो मुळी बिघडलेलाच नव्हता. प्रत्येक वस्तूनंतर टाळी जास्त वेळ घुमायची. खोलीतलं सामान आवाज पिऊन टाकतं, माणसंही पितात, आणि ते गेलं की आवाज एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत राहतो, हे ती पुढे कॉलेजात शिकली, सूत्रासकट. पण शिकताना तिला नवं काहीच वाटलं नाही. शेवटी पलंग गेला, गाद्या गेल्या, आणि एका सकाळी वडीलही नव्हते. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, दिसत नाहीत हल्ली हे, तेव्हा आई पीठ मळता मळता शांतपणे म्हणाली होती, तेही दुरुस्तीला गेलेत. काकूंना हसावं की नाही कळेना. त्या दिवशी तिने टाळी वाजवली ती सगळ्यात जास्त घुमली. पुढे सूत्राने हिशेब करून बघितला तेव्हा दीड सेकंदाच्या आसपास आला.

तिसरी खेप संपली होती. सगळे तिच्याकडे बघत होते. खरं तर काम झालं होतं. ही शीळ घरी बसून, यंत्रावर, सहज पुसता आली असती. असल्या आवाजाची लाट पडद्यावर वेगळी दिसते, तिला खरवडून काढायचं म्हणजे पाच मिनिटांचं काम. पण ती उठून उभी राहिली आणि म्हणाली की मागच्या बाजूला कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येतोय, कृपा करून जरा सांभाळा, आणखी एकदा घेऊ. हे ती कशाला बोलली ते तिचं तिला सांगता आलं नसतं. कदाचित तिला ती शीळ अजून एकदा ऐकायची होती, खात्री करायला. कदाचित तिला त्या माणसाला उभं ठेवायचं होतं. एका शब्दावर एकशे अठरा माणसांना गप्प करता येणारं काम जगात फार थोड्यांकडे असतं, आणि तिला एकदम जाणवलं की आपण ते काम निवडलं तेव्हा हे आपल्याला माहीत होतं. दिग्दर्शक जवळ येऊन हळूच म्हणाला, "अहो आवाजवाल्या बाई, ह्या शांततेवर मी समूहगान घालणार आहे. कुणाला ऐकू येणार आहे ती?"

"एकदाच," ती म्हणाली.

चौथी खेप सुरू झाली. तिने डोळे मिटले आणि कान मागच्या बाकावर लावले. गाळ खाली बसला. शांतता आली. शीळ आली नाही. ती थांबली. छताजवळ कुठेतरी लाकूड तडकल्याचा बारीक आवाज झाला. शीळ नाही. उंदीर बिळाबाहेर येण्याची वाट मांजराने पाहावी तशी ती शिळेची वाट पाहत होती. इतकी निखळ शांतता तिने बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती, आणि एखाद्या जागेत शांतता सापडल्यावर तिला जो आनंद व्हायचा तो होत नव्हता. माणूस निघून गेला का, असं तिच्या मनात आलं. पण दार वाजलं नव्हतं, पाऊल वाजलं नव्हतं. मग तिला कळलं. तो तिथेच होता आणि श्वास रोखून बसला होता. तिचं काम बिघडू नये म्हणून. म्हातारा माणूस, सकाळपासून ताटकळलेला, आणि घड्याळाचा काटा अजून अर्ध्यावरही आला नव्हता. हेडफोनमध्ये आता त्याचं नसणं इतकं मोठ्याने ऐकू येत होतं की तिला ते सोसवेना. तिने आजवर कधीही, मंत्री आले तरी, वीज जायची वेळ झाली तरी, अर्धा मिनिट पुरा झाल्याशिवाय हात वर केला नव्हता. आता केला. "झालं," ती म्हणाली, आणि मागच्या रांगेतून पाण्याबाहेर डोकं काढावं तसा एक मोठा, घरघरता श्वास आला, पाठोपाठ खोकल्याची उबळ, आणि सगळं प्रार्थनाघर हसलं. खोकणाराही हसत होता. लांब्या दांडा खाली घेत म्हणाला, आजोबांना पाणी द्या कुणीतरी, आपल्या शांततेपायी जायचे.

पाणी कुणीतरी दिलं होतं. ते मागच्या दाराच्या पायरीवर पेला धरून बसले होते. जवळ जाईपर्यंत तिने ठरवून ठेवलं होतं की काहीच बोलायचं नाही, फक्त बघायचं. स्वेटरची कोपरं रफू केलेली होती, नीट, एकसारख्या टाक्यांनी. हे त्यांनी स्वतः केलं असेल का, असा विचार तिच्या मनात आला, आणि तोच विचार ती बराच वेळ करत राहिली.

"पहिल्या तीन वेळा मला वाटलं, यंत्रच बिघडलंय तुझं," ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली.

पहिल्या दिवशीच तिला पाहिलं होतं, पण कामात होती म्हणून खांबाच्या आडची जागा धरली, असं ते सांगत होते. नऊ वर्षं झाली होती त्यांना थेंब न घेता. तिने हे ऐकून घेतलं, जसं कुणी उंची किंवा वजन सांगावं तसं. त्यांच्या प्रार्थनाघराचा एक नियम होता: आपण ज्यांचं वाईट केलं त्यांच्या दारात स्वतः जायचं, चिठ्ठी नाही, निरोप नाही. बाकीचे जाऊन आले होते. कुणी मार खाऊन आलं, कुणी जेवून आलं. हेही निघाले होते, दोन वर्षांपूर्वी, पत्ता काढून घराच्या जिन्यापर्यंत आले होते. मग वर गेले नाहीत. का, ते तिने विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं.

"वर तुझी आई हसत होती. मी असताना ती अशी हसलेली मला आठवेना. म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय."

तेवढ्यात बसच्या चालकाने भोंगा वाजवला. मंडळी सामान आवरू लागली होती. तासाभरात ती परत निघणार होती आणि चित्रीकरण आज संपत होतं. ते पेला विसळून पायरीवर पालथा घालत म्हणाले की तुझं काम पाहिलं, बरं वाटलं.  तिने हो म्हणून मान हलवली आणि ती यंत्राकडे परत आली. तारा गुंडाळायला लागली. तार गुंडाळायची एक रीत असते, एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे पुढच्या वेळी गाठ पडत नाही. तिचे दोन्ही वेढे सरळच पडत होते. लांब्याने तार तिच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः गुंडाळू लागला.

तिला खरं काय वाटत होतं हे तिने तपासून पाहिलं. राग शोधला, तो होता, जागच्या जागी, कपाटाच्या चौकोनासारखा. विश्वास शोधला, तो नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आईचं आवडतं वाक्य, आणि नऊ वर्षं ही काही अशी संख्या नव्हे की जिच्यानंतर माणूस आपोआप दुसरा होतो. रफू केलेली कोपरं हा पुरावा नव्हता. श्वास रोखणं हाही नव्हता. श्वास रोखणं म्हणजे काय असतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं. ती गोष्ट माणूस भीतीने करतो. मग ते कशाला भीत होते, चार बाकं पलीकडे बसलेल्या तिला? या प्रश्नापाशी तिचं घोडं अडलं. ती गाडीमागे गेली आणि तिने आईला फोन लावला. जेवढं घडलं तेवढंच सांगितलं, शीळ, चार खेपा, नऊ वर्षं, जिना, हसू.  मग फोन कानाला धरून ती ऐकत राहिली. फोनमधून घरची शांतता येत होती, टपटपणारा नळ, भिंतीवरचं घड्याळ, खालच्या मजल्यावरचा मिक्सर. आईने घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा त्या शांततेत वाटा होता. सोफा, गालिचा, दोन कपाटं, जाड पडदे. आई घरात वस्तू भरत गेली होती, एक एक करून, वर्षानुवर्षं, कुणी दुरुस्तीला नेणार नाही अशा खात्रीने.

"झाली का दुरुस्ती?" आईने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "वरून तरी दिसत नाही काही."

"वरून दिसत नाहीच." आईने नळ घट्ट बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आण. घरी लावून बघू चालतंय का. पण हे बघ, मी नुसतं खुर्चीवर बसू देणार आहे. त्यापुढचं काही कबूल केलेलं नाही, तसं सांग त्यांना आधीच."

तिने तसंच सांगितलं, शब्द न बदलता. ते बसमध्ये खिडकीशी बसले होते. त्यांनी ऐकलं, पिशवी उचलली आणि उतरले. घरापर्यंतच्या वाटेत लांब्याने पुढे बसून रस्त्यातल्या खड्ड्यांवर एकट्यानेच बोलून घेतलं, आणि ती दोघं मागे बसून खड्डे मोजत असल्यासारखी बाहेर बघत राहिली. अर्ध्या वाटेत लांब्याने कपाळावर हात मारला. मग गाडीला लावलेल्या किल्लीकडे बघून म्हणाला की नाही, किल्ली काढली म्हणजे फ्रीज चालू केलाच असणार. ते हसले. शीळ वाजली.

आई दारात उभी नव्हती, आत होती. दार उघडं होतं. ते उंबऱ्याबाहेर थांबले. आईने त्यांच्याकडे पाहिलं, वरून खाली, मग रिकाम्या हातांकडे. "हात हलवत आलात," ती म्हणाली.

"नेलेलं परत आणता येत नाही," ते म्हणाले. "म्हटलं, दुसरं काही आणून त्यावर पांघरूण घालायला नको."

 खालच्या मजल्यावर कुणीतरी मोठ्याने कुणाला तरी हाक मारत होतं, जिन्यातून सायकल वर चढवल्याचा खडखडाट येत होता. "दार लावा," आई म्हणाली. "जिन्याचा आवाज येतो आत."

ते आत आले आणि त्यांनी दार लावलं, कडी वाजू न देता. भिंतीलगतच्या खुर्चीवर बसले, पुढच्या कडेवर, हात गुडघ्यांवर. आईही बसली, सोफ्यावर, तिच्या नेहमीच्या जागी, आणि निवडायची राहिलेली भाजी तिने पुढ्यात ओढली.  कुणी रडलं नाही. ती उभी होती. उभ्या उभ्या तिने पिशवीतून यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"काय करतेय?" त्यांनी आईला विचारलं. अनेक वर्षांनी त्यांनी आईला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"टाळी वाजवतेय," आई भाजीतून मान वर न करता म्हणाली. "रोज वाजवते. लहानपणापासून."

तिने खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. मग वाकून आकडा वाचला, यंत्र पुसलं आणि खात्रीसाठी आणखी दोनदा वाजवली. तिन्ही वेळा शून्य पूर्णांक अठ्ठेचाळीस सेकंद.